शेवटच्या रांगेतले सासरे

सिनेमाला कसं जावं हे या पृथ्वीतलावर फक्त एका माणसाला कळत होतं, आणि ते गृहस्थ माझे सासरे होते. आपण सगळे सिनेमा बघून येतो तसा मी पण बघून यायचो. पण सासऱ्यांच्या मते ते सिनेमाला जाणं नव्हे, ते नुसतं तोंड वर करून बसणं. कराडच्या एका टॉकीजमध्ये छत्तीस वर्षं ते ऑपरेटर होते. ऑपरेटर म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यामागच्या भिंतीत चौकोनी भोक असतं, त्या भोकापलीकडे, तापलेल्या मशीनशेजारी, बनियनवर उभा असलेला माणूस. सिनेमा नीट चालला की त्याची कुणाला आठवण नसते, आणि मधेच रीळ तुटलं की अख्खं थिएटर त्याच्या मातोश्रींची चौकशी करतं. छत्तीस वर्षं त्यांनी या चौकश्या ऐकल्या आणि त्यांचा त्यांना काडीइतकाही राग नव्हता. उलट सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे ऑकलंडला, बॉटनी डाउन्सच्या घरी राहायला आले, तेव्हा त्यांना इथे सगळ्यांत जास्त कशाची उणीव भासली असेल, तर त्या शिव्यांची.

रविवारी दुपारी दोनचा खेळ असला की आमच्या घरात सकाळी दहापासून लग्नघरासारखी धांदल. ते आंघोळ करून, दाढी गुळगुळीत करून, आदल्या दिवशी स्वतः इस्त्री केलेला पांढरा शर्ट आणि करडी पँट चढवून बारा वाजताच सोफ्याच्या कडेला बसत. अंगाला पावडरचा वास, खिशात घडी घातलेला रुमाल. आणि मी? दीड वाजता अर्ध्या चड्डीवर, पायात जँडल्स अडकवून गाडीची किल्ली शोधत फिरणारा. जँडल्स म्हणजे आपली रबरी स्लीपर. या देशात ती घालून माणसं बँकेतसुद्धा जातात. सासरे माझ्या पायांकडे बघत आणि खाली मान घालून म्हणत, "जावईबापू, तिथं एवढे लोक येणार. बूट घाला की." मी हसून म्हणायचो, "बाबा, इथे कोण बघतंय?" त्यावर ते एकदा म्हणाले होते, "तेच तर वाईट आहे ना." तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

थिएटरात पाय ठेवल्यापासून त्यांचं दुःख सुरू व्हायचं. दारावर कुणी 'या' म्हणत नाही. एक पोरगेलासा माणूस न बघताच तिकीट फाडतो आणि "स्वीट अ‍ॅज" म्हणतो. (हे 'स्वीट अ‍ॅज' म्हणजे इथल्या भाषेत 'झकास, चालेल', हे मी त्यांना तीनदा समजावून सांगितलं. "साखरेसारखं गोड" एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं आणि ते त्याला प्रत्येक वेळी "थँक्यू, तुम्ही पण" असं मराठीत म्हणत.) आत गेलं की पडदा उघडाच. मखमली पडदा सरसर बाजूला जाणं नाही, घंटा नाही, काही नाही. "नवरीला कुणी अंतरपाटाशिवाय उभी करतं का?" ते कळवळून विचारत. मग ते माणसं मोजत. एका मंगळवारी आम्ही धरून सात भरली. "सात!" ते म्हणाले, "आमच्याकडं सात माणसं असली तर मॅनेजर खेळ रद्द करून घरी जेवायला जायचा." त्या सातांपैकी चार जण पॉपकॉर्नच्या बादल्या मांडीवर घेऊन बसले होते. बादली हा त्यांचाच शब्द. आणि खरं सांगायचं तर आकार बघता दुसरा शब्द सुचण्यासारखाही नव्हता. "मशीनच्या खडखडाटावरसुद्धा मला पब्लिक ऐकू यायचं, जावईबापू. बायका रडायला लागल्या की मला आत कळायचं. इथं पब्लिक फक्त चावताना ऐकू येतं."

मध्यंतराचं तर मोठंच महाभारत झालं. हिंदी सिनेमात मध्यावर 'मध्यंतर' ही पाटी येते, पण इथे कुणी सिनेमा थांबवत नाही. पाटी दोन सेकंद दिसते आणि गोष्ट तशीच पुढे पळते. पहिल्या वेळी पाटी दिसताच सासरे उठले, रुमाल खिशात घातला, "चला, पाय मोकळे करू" म्हणाले आणि जिन्यापर्यंत पोचले, तोवर पडद्यावर नायकाच्या बापाचा खून झाला होता. ते तिथेच थबकले. "अहो, थांबवा की! माणसं बाहेर गेलीत!" ते भोकाकडे तोंड करून ओरडले. बाहेर गेलेली माणसं म्हणजे ते एकटेच. मी खुर्चीत खाली सरकून बसलो. दुसऱ्या एका दिवशी पुढच्या रांगेतली एक मुलगी सारखे मेसेज करत होती. मोबाइलच्या उजेडाने त्यांना चैन पडेना. शेवटी त्यांनी पुढे वाकून आपला रुमाल उलगडून अलगद तिच्या मोबाइलवर पांघरला, लहान मुलाला घालतात तसा, आणि म्हणाले, "सॉरी, लाइट." मी तिला चार वेळा सॉरी म्हणालो. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीतच द्यायची. ती गाडीत म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ मूव्ही." सासरे खिडकीबाहेर बघत राहिले.

या प्रकारांची मला लाज वाटायची, हे कबूल करून टाकतो. मी परदेशात आठ वर्षं घालवून जी एक सफाई कमावली होती, म्हणजे हळू बोलायचं, रांगेत अंतर ठेवायचं, तक्रार असली तरी हसून गप्प बसायचं, ती सफाई हा माणूस दोन तासांत धुळीला मिळवायचा. म्हणून त्यांनी पुढे आपली जागा बदलली तेव्हा मला आतून बरंच वाटलं. ते शेवटच्या रांगेत, बरोबर त्या भोकाखाली बसायला लागले आणि आम्ही मधे. म्हणाले, "तिथं मशीनचा आवाज येतो थोडा. बरं वाटतं." मी मागे वळून बघितलं की पडद्याऐवजी डोक्यावरून जाणाऱ्या उजेडाच्या पट्ट्याकडे मान वर करून बघत असलेले दिसायचे.

आता त्या शनिवारचं सांगतो. सांगायला नको वाटतं, पण ते टाळलं तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही.

पेनरोजला आमचं ऑफिस होतं. माझा मॅनेजर इथलाच, गोरा, दिलदार माणूस; त्याला हिंदी सिनेमा बघायची हौस आली. त्याच महिन्यात आमच्या टीमचा प्रमुख कुणाला करायचं हे ठरणार होतं आणि ती जागा आपल्याला मिळावी असं मला फार वाटत होतं. मी उत्साहाने सहा जणांची तिकिटं काढली. घरी हे बोलत असताना सासरे चहा पीत होते. म्हणाले, "मी पण येतो. पण तुमच्या साहेबलोकांत नको. मी आपला मागं." मी "अहो बाबा, असं काय, या की आमच्यात" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चालेल. तुम्हाला सवयच आहे मागे बसायची." ते थिएटर घरापासून दोन बस बदलून जावं लागे असं होतं. त्या शनिवारी मला काम होतं आणि मी परस्पर पेनरोजहून गाडीने येणार, म्हणून ते एकटेच पांढरा शर्ट घालून बारा वाजता निघून गेले.

आम्ही पोचलो तेव्हा ते शेवटच्या रांगेत बसलेले होते. मला बघून त्यांनी हात अर्धा वर केला, माझ्याबरोबरची माणसं पाहिली आणि तो हात तसाच केसांवरून फिरवून खाली घेतला. मी कुणाशीच ओळख करून दिली नाही. मग करू, असं मनाशी म्हणालो.

सिनेमा सुरू झाला, तासभर छान चालला. मग एकाएकी चित्र उडालं आणि सरकलं. रिळं एकमेकांना जोडताना कुणीतरी चूक केली होती. सगळ्यांची डोकी वरून कापली गेली आणि पडद्याच्या तळाशी, त्यांच्याच पायाखाली, दिसू लागली. नायिका रडत होती आणि तिचं कपाळ तिच्या साडीच्या निऱ्यांखाली लोंबत होतं. आमच्याकडे असं झालं असतं तर खुर्च्या वाजल्या असत्या. इथे शंभरेक माणसं बसली होती, निम्मी आपलीच. कुणी हूं की चूं केलं नाही. चावण्याचा आवाज तसाच चालू. माझा मॅनेजर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "हे असंच असतं का?" मी खांदे उडवले.

आणि मग मागून शिट्टी आली. दोन बोटं तोंडात घालून मारलेली, कराडच्या बाल्कनीतली, थिएटर फाडून टाकणारी शिट्टी. पाठोपाठ आवाज: "ए ऑपरेटर! फ्रेम! फ्रेम बघ, फ्रेम!"

सगळे वळले. सासरे उभे होते. भोकाकडे तोंड करून, दोन्ही हात हलवून, ते आतल्या माणसाला खुणा करत होते, असा खाली घे, असा. आत कुणी नव्हतं, हे मला नंतर कळलं. ते पुन्हा ओरडले. मग ते प्रेक्षकांकडे वळले आणि कळवळून मराठीत म्हणाले, "अहो, तुम्ही तरी ओरडा की! डोकी दिसेनात आणि बसलाय काय नुसते!" कुणीतरी हसलं. कुणी "सिट डाऊन, मेट" म्हणालं. टॉर्च घेऊन एक मुलगी आली आणि त्यांना हळू आवाजात काही सांगू लागली. त्यांचं इंग्रजी तिला आणि तिचं त्यांना कळेना. तिने अंधारात आमच्या दिशेने टॉर्च फिरवला आणि विचारलं, "या सद्गृहस्थांबरोबर कुणी आहे का?"

माझा मॅनेजर माझ्याकडे वळला. "ओळखतोस का त्यांना?"

"नो," मी म्हणालो. "नो आयडिया."

मी हळू म्हणालो होतो. पण टॉर्चचा उजेड माझ्या तोंडावर होता, आणि सासरे माझ्याकडेच बघत होते. 'नो' समजायला इंग्रजी यावं लागत नाही. त्यांनी हात खाली घेतले. त्या मुलीकडे वळून ते आपल्या तुटक्या इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "अलोन. आय अलोन कम." आणि शर्ट नीट खोचून तिच्यामागून बाहेर गेले.

मी उठलो नाही. हे मी पुष्कळदा स्वतःला निरनिराळ्या प्रकारे सांगून बघितलं आहे: रांगेतून निघता येत नव्हतं, मॅनेजर होता, दोन मिनिटांत बाहेर जाऊ असं ठरवत होतो. यातलं काहीही खरं नाही. मी उठलो नाही, कारण मला उठायचं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं मी ते कापलेलं चित्र बघत बसलो. मग पडदा एकदा थरथरला, चित्र हळूच खाली सरकलं, आणि नायिकेचं कपाळ तिच्या डोळ्यांवर येऊन बसलं. इतक्या अलगद की कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र ते कोणाचे हात आहेत हे तत्काळ कळलं.

सिनेमा सुटला. आम्ही बाहेर उभे राहून गप्पा मारत होतो, तेवढ्यात बाजूच्या दारातून सासरे आले. बरोबर एक पांढऱ्या दाढीचा ऑपरेटर होता. तो त्यांच्या पाठीवर थाप मारून आत गेला. सासऱ्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला काळं लागलं होतं. ते आमच्या दिशेने चालत आले. आता ते हाक मारतील, 'जावईबापू' म्हणतील, असं मला वाटलं. ते आमच्याजवळून, माझ्यापासून हातभर अंतरावरून, समोर बघत, ओळख नसलेला माणूस जातो तसे निघून गेले. माझी थाप त्यांनी माझ्यापेक्षा नेटाने निभावली. मॅनेजर म्हणाला, "बघ, तेच आजोबा. बरे दिसतात की." मी "हो" म्हणालो.

सगळे पांगल्यावर मी गाडी बस स्टॉपकडे नेली. ते बाकावर बसले होते. मी दार उघडलं. "हाताला तेल आहे," ते म्हणाले, "कागद आहे का? सीट खराब होईल." मी टिश्यूचा डबा पुढे केला. हात पुसत पुसत ते बोलू लागले आणि मी ज्याची वाट बघत होतो ते काहीच बोलले नाहीत. आत दहा पडदे आणि माणूस एकच, म्हणाले. बिचारा इकडून तिकडे पळतो, एकाही सिनेमाचा शेवट त्याने बघितलेला नाही. टॉर्चवाल्या मुलीने त्याला हुडकून आणलं, यांनी खुणांनी चूक दाखवली, तर त्याने यांनाच चित्र वर-खाली करायचा नॉब फिरवायला दिला. "मला म्हणाला, किती वर्षं? मी बोटं दाखवली. तर माझ्यापुढं टोपी काढली हो त्यानं!" ते हसले. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत होतो. 'बाबा' एवढा शब्द तोंडात तयार होता. घर आलं तरी तो तोंडातच राहिला.

घरी बायकोने विचारलं, "कसा होता सिनेमा?" "झकास," ते म्हणाले आणि शर्ट भिजत घालायला गेले. तिला त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. मीही नाही, आज हे छापून आल्यावर तिला कळेल. प्रमुखाची ती जागा मला मिळाली, हेही सांगून टाकतो.

त्यानंतर ते सिनेमाला आले नाहीत. कधी गुडघा दुखायचा, कधी डोळ्यांतून पाणी यायचं. मी दुकानातून डीव्हीडी आणायला लागलो. ते सोफ्यावर नीट बसून बघायचे, पण कुणी ना कुणी मधेच थांबवायचं. फोन आला, कुकरची शिट्टी झाली, लेकीला गृहपाठात काही अडलं. पडद्यावर माणसं अर्ध्या वाक्यात तोंडं उघडी ठेवून उभी राहायची आणि सासरे त्यांच्याकडे बघत हात जोडल्यासारखे बसायचे. सहा महिने राहणार होते, चौथ्या महिन्यात परत गेले.

दोन वर्षांनी मी कामासाठी पुण्याला गेलो होतो, तिथून मुद्दाम कराडला गेलो. दोन खोल्यांत एकटेच राहत होते. टॉकीज बंद पडलं होतं, त्याचा विषय त्यांनी काढला नाही. मी चहाचा कप हातात धरून बसलो आणि दोन वर्षं पाठ केलेलं एक वाक्य म्हणालो: "बाबा, त्या दिवशी थिएटरात मी चुकलो."

मला वाटलं, ते 'असू द्या हो' म्हणतील. आपल्याकडे थोरांनी असंच म्हणायचं असतं.

"हो," ते म्हणाले. "चुकलात. मला वाईट वाटलं होतं."

मग उठून त्यांनी माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला आणि नातीची शाळा कुठवर आली ते विचारलं. संध्याकाळी एसटी स्टँडवर सोडायला आले. गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभे होते. "पोचलात की फोन करा," म्हणाले.

मी केला. आणि मग दर रविवारी करत राहिलो. इथले दुपारचे दोन म्हणजे तिकडची सकाळ. ते आंघोळ करून फोनजवळ बसलेले असत. बायको म्हणायची, वडील माझे आणि गप्पा तुमच्याच. फार काही बोलायचो नाही आम्ही. पाऊस, गुडघे, पोरीचं बास्केटबॉल. एका रविवारी त्यांनी विचारलं, "हल्ली सिनेमाला जाता का?"

"नाही हो, बाबा. घरीच बघतो. मोठा टीव्ही घेतलाय."

"जावं माणसानं," ते म्हणाले. "अधूनमधून चार अनोळखी माणसांबरोबर अंधारात बसावं."

त्या उन्हाळ्यात ते गेले. मी त्यांना "हो, जाईन" म्हणालो होतो. अजून गेलेलो नाही.